वाचकांचे प्रश्न : तान मलाका

प्रश्न : तान मलाका इंडोनेशियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष होते. मग डच राजवटीविरुद्धचा १९२६चा उठाव त्यांना का नको होता? आणि देश स्वतंत्र झाल्यावर आपल्याच सैनिकांनी त्यांना का मारलं?

उत्तर : ते अध्यक्ष झाले डिसेंबर १९२१मध्ये आणि जेमतेम तीन महिन्यांत, मार्च १९२२मध्ये, डच सरकारने त्यांना हद्दपार केलं. उठावाचा निर्णय १९२५च्या अखेरीस जावातल्या प्रंबानान इथल्या पक्षाच्या बैठकीत झाला, तेव्हा ते मनिलात होते. त्यांचा विरोध उठावाला नव्हता, तयारीशिवाय केलेल्या उठावाला होता. १९२३च्या संपात रेल्वे कामगारांची संघटना मोडली होती, बरेच पुढारी तुरुंगात किंवा देशाबाहेर होते, शाखांचा एकमेकींशी धड संपर्क नव्हता. झालंही तसंच. नोव्हेंबर १९२६मध्ये पश्चिम जावातलं बांतेन आणि बटाव्हिया (आजचं जकार्ता) पेटले, पश्चिम सुमात्रा थेट जानेवारी १९२७मध्ये. डचांना एकेक ठिकाण सावकाश गाठता आलं. सुमारे १३,००० लोक पकडले गेले, हजाराच्या वर न्यू गिनीतल्या बोवेन दिगुलच्या छावणीत गेले. पक्षातल्या अनेकांनी मात्र अपयशाचं खापर तान मलाकांवरच फोडलं. आमच्या मते तो त्यांच्यावर अन्याय होता.

१९४२मध्ये जपानने डचांकडून इंडोनेशिया घेतल्यावर ते गुपचूप परतले. जकार्तातल्या रावाजातीत राहून, रोज सरासरी तीन तास लिहीत, साधारण आठ महिन्यांत त्यांनी ‘मादिलोग’ हे तत्त्वज्ञानावरचं पुस्तक पूर्ण केलं. पुढे बांतेनमधल्या बायाहच्या कोळसा खाणीत ते ‘इल्यास हुसेन’ नावाने कारकुनी करत होते. पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो तिथे भाषणाला आले तेव्हा या कारकुनाने उठून विचारलं, की आधी जपानचा विजय आणि मग स्वातंत्र्य, असा क्रम कशासाठी? प्रश्न कोण विचारतंय, हे सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९४५मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली, पण डचांना सत्ता परत हवी होती. १९४६मध्येही तान मलाकांचं म्हणणं तेच होतं : शंभर टक्के स्वातंत्र्य मान्य झाल्याशिवाय डचांशी बोलणी नकोत. शंभराहून अधिक संघटना त्यांच्या आघाडीत आल्या. सरकारला बोलणी हवी होती, म्हणून मार्चमध्ये त्यांना अटक झाली. खटला न चालवता सप्टेंबर १९४८पर्यंत डांबून ठेवलं. सुटल्यावर त्यांनी मुर्बा पक्ष काढला. डिसेंबरात डचांनी पुन्हा हल्ला केला, तेव्हा ते पूर्व जावात गनिमी लढा उभारत होते आणि सेनाधिकाऱ्यांवर कडक टीका करत होते. २१ फेब्रुवारी १९४९ रोजी केदिरीजवळच्या सेलोपांगुंग गावात लष्कराच्या तुकडीने त्यांना गोळ्या घातल्या. १९६३मध्ये सुकार्नोंनी त्यांना राष्ट्रीय वीर घोषित केलं, पण त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या काळात शालेय पुस्तकांतून त्यांचं नाव गाळलं गेलं.

प्रश्न : ‘तान’ हे चिनी आडनाव का?

उत्तर : नाही. मूळ नाव इब्राहिम. ‘दातुक तान मलाका’ हा पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजात मिळालेला वारसाहक्काचा किताब. पुस्तकांच्या सूचीत त्यांचं नाव शोधताना ‘त’ आणि ‘म’ दोन्हीकडे पाहा.