वितळलेला धातू फवारला तर लाकूड जळत कसं नाही?

स्टीलच्या शाफ्टवर धातूचा थर फवारतात, तसा लाकडावर किंवा प्लास्टिकवर फवारता येईल का आणि खालची वस्तू जळणार नाही का, असं तुम्ही विचारलंय.

येतो. पुठ्ठ्यावर जस्त फवारताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही ती चेष्टाच वाटली होती. जस्त वितळतं साधारण ४२० अंश सेल्सिअसला, पण आर्क गनमधून, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातूची वायर वितळवून हवेने फवारणाऱ्या गनमधून, निघणारे थेंब मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजावे लागतात. ते पृष्ठभागावर आपटून चकतीसारखे चपटे होतात आणि तिथेच गोठतात. एका थेंबात उष्णता ती कितीशी? ग्राइंडरची ठिणगी हातावर उडाली तर चटका बसतो, हात भाजत नाही. फक्त गन एका जागी रेंगाळू द्यायची नाही आणि लाकूड चांगलं वाळलेलं हवं, नाहीतर आतल्या ओलाव्याची वाफ थर उचलते.

पण खालचं काही वितळत नाही, म्हणजे हे वेल्डिंगही नाही. थर मुख्यतः खाचाखोचांत अडकूनच टिकतो. म्हणून स्टीलवर आधी ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे ग्रिटचे धारदार कण हवेच्या दाबाने मारून पृष्ठभाग खरखरीत करणं, मग हात न लावता लवकरात लवकर फवारणी. थर सोलून निघाला की लोक गनला नाहीतर वायरला नावं ठेवतात. मी आधी ग्रिट बघतो. वापरून कडा गोल झालेली ग्रिट पृष्ठभाग नुसता ठोकते, चरे पाडत नाही.

अ‍ॅल्युमिनियम जास्त नखरेल. ब्लास्ट करताच त्यावर पुन्हा ऑक्साइड चढतं आणि तापल्यावर ते स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. त्यावर आणि स्टीलवरही मी आधी निकेल-अ‍ॅल्युमिनियमचा पातळ बाँड कोट, म्हणजे वरचा थर धरून ठेवणारा अस्तराचा थर, देतो. गुळगुळीत काचेच्या नादी मात्र लागू नका.

थर जाड केला म्हणजे मजबूत झाला, असंही नाही. प्रत्येक थेंब गोठताना आकसतो, तो ताण साठत जातो आणि शेवटी थर कडेपासून सुटतो. म्हणून जॉबच्या, म्हणजे ज्या वस्तूवर फवारायचं तिच्या, धारदार कडा आधीच गोल करून घ्या. टंगस्टन कार्बाइडसारखी कठीण भुकटी इंधन आणि ऑक्सिजनच्या अतिवेगवान ज्वालेतून फवारणारी एचव्हीओएफ गन तर लाकडासमोर धरूच नका. धातू बसण्याआधी तिची ज्वालाच लाकूड जाळेल.

आणि जस्त फवारताना धूर खेचणारा पंखा आणि योग्य मास्क हवाच. तो धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो.