'सराईत' की 'सवयीचा'?

दिग्रसकडच्या एका तरुण वार्ताहराने विचारलं आहे : "बातमीत 'सराईत गुन्हेगार' लिहावं की 'सवयीचा गुन्हेगार'? पारधी बेड्यावरच्या (म्हणजे वस्तीवरच्या) एका पोराला चोरीच्या संशयावरून धरलं. आधीची एकही केस नाही, तरी माझ्याकडे आलेल्या मजकुरात 'सराईत' लिहिलं होतं."

मराठी म्हणून दोन्ही शब्द बरोबर आहेत. 'सराईत' जिभेवरचा आहे, 'सवयीचा' इंग्रजी कायद्यातल्या संज्ञेवरून बेतलेला. मला विचाराल तर 'सराईत' लिहावं. पण या पोराबद्दल दोन्ही शब्द खोटे आहेत.

सराईत म्हणजे सरावलेला, हात बसलेला. त्यात मुळात वाईट काही नाही. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात सराईत असतो, विहिरीचं काम करणारा वडार सराईत असतो. ही गोष्ट ज्याची त्याने पुन्हा पुन्हा केल्यावर येते. जन्माला येताना कुणी सराईत नसतो. 'सवय'चंही तसंच. सवय माणसाला लागते, जातीला लागत नाही.

आपल्या तुरुंगांच्या नियमांनी मात्र नेमकं उलटं धरलं होतं. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. (विमुक्त आणि भटके एक नव्हेत, बातम्यांत सर्रास घोळ होतो.) कायदा गेला, पण समजूत नियमावल्यांत राहिली. 1956 पर्यंत आपला विदर्भ ज्या राज्यात होता, त्या मध्यप्रदेशच्या तुरुंग नियमावलीत विमुक्त जमातीच्या कुणालाही सरकारच्या मर्जीनुसार सवयीचा गुन्हेगार मानण्याची मुभा होती. त्या माणसाने काय केलं, किती वेळा केलं, हे विचारण्याची गरजच उरत नव्हती.

आणि 'सवय' हा शब्द तिथे एवढ्यावर थांबत नाही. उत्तर प्रदेशच्या नियमात साध्या कैदेतल्या माणसाला हलक्या दर्जाची मानलेली कामं लावू नयेत असं होतं. अपवाद कुणाचा, तर अशा कामांची सवय असलेल्या समाजातल्या कैद्याचा! पश्चिम बंगालच्या नियमांत सफाईला मेहतर किंवा हाडी जातीची माणसं घ्यावीत, जिल्ह्याच्या रिवाजाप्रमाणे बाहेर तेच काम करत असतील तर चांडाळ व इतर जातींचीही घ्यावीत, असं लिहिलेलं होतं. सैपाकाला मात्र वरच्या जातीचा हात हवा, अशी तरतूद काही राज्यांत होती. म्हणजे बाहेर गावाने जे लादलं, त्याला आत 'सवय' आणि 'रिवाज' म्हणायचं. भाषेचा एवढा अन्यायकारक वापर दुसरा मला आठवत नाही. एका माणसाच्या नावावर चोरीची सवय, दुसऱ्याच्या नावावर घाण उपसायची सवय, आणि दोघांनाही ती जन्माआधीच लागलेली.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. सवयीचा गुन्हेगार कोण, हे त्या-त्या राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येनेच ठरवायचं. तसा कायदा नसेल तर तुरुंगाच्या नियमात हा उल्लेखच चालणार नाही. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. नियमावल्या सुधारायला तीन महिन्यांची मुदत दिली होती.

आता तुमच्या बातमीकडे. धरलेला माणूस 'संशयित', गुन्हा नोंदवून अटक झाली तर 'आरोपी'. 'सराईत' लिहायचं तर आधी शिक्षा किती वेळा झाली, हे ठाण्यात विचारा आणि आकडा बातमीत द्या. आकडा मिळत नसेल तर शब्द गाळा. 'अट्टल' तर त्याहून जड, तोही नको. 'पारधी बेड्यावरचा' हे मथळ्यात कशाला? तुरुंगाच्या वहीत जात नको असेल, तर तुमच्या मथळ्यातही तिचं काम नाही. पत्ता द्यावा लागेल तिथे गावाचं नाव पुरे.

'भामटा'ही शक्यतो टाळा. फसवणूक करणारा म्हणून आपण तो बिनधास्त वापरतो, पण राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका जातीचं नाव आहे. 'ठकवणारा', 'लुबाडणारा' हे शब्द आहेतच.

शुद्धलेखनाचं राहिलं : तुमच्या पत्रात 'सवईचा' आहे. मूळ शब्द 'सवय', म्हणून 'सवयीचा'.