लहानपणीचं वाचन आणि आवडती गाणी कवीच्या लेखनात नेमकी कुठे दिसतात?

आशयाच्या आधी लयीत. सिंधुदुर्गात गणपतीच्या आरत्या, डबलबारी भजनं (दोन भजनी मंडळांचा सामना) ऐकत वाढलेल्या मुलाच्या कानात अभंग आपोआप बसतो: ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. आपल्या दहा कविता काढा आणि प्रत्येक ओळीची अक्षरं मोजा. तोच आकडा पुन्हापुन्हा आला, तर ते कानाचं वळण आहे.

अडचण होते ती चालीवर लिहिताना. गायक एक अक्षर चार मात्रा ताणतो, त्यामुळे गुणगुणताना भरलेली वाटणारी ओळ कागदावर लंगडते. मग रे, गं, च घालून जागा भरली जाते. 'मन-क्षण'सारखी तयार यमकंही अशीच शिरतात. दुसऱ्या दिवशी चाल सोडून, बोलल्यासारखं मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथला भरीचा शब्द काढा.

वाचन मुख्यतः शब्दसंग्रह आणि घाट, म्हणजे कवितेचा रचनाप्रकार, देतं. मालगुंडच्या केशवसुतांनी इंग्रजी कविता वाचून १४ ओळींचं सुनीत (सॉनेट) मराठीत आणलं. फक्त पाठ्यपुस्तकातल्या कविता वाचल्या असतील, तर समुद्र नेहमी 'अथांग'च होतो. घरात भरती, सुकती, खाजण हे शब्द असतील, तर ते बेधडक वापरा, तळटीप न देता.