घरात वायफाय आहे, मग केबल ठेवावी का? टीव्हीला किती वेळ देता आणि नेटला किती?

टीव्ही आता बघतंय कोण, असंही तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय. हेच वाक्य माझे साडूभाऊ 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हापासून मला प्रत्येक लग्नाबारशात ऐकवतात. मी केबलवाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात टीव्ही आणि नेट दोन्ही मीच देतो. म्हणून लिहायला बसलो.

कोण कधी काय बघतंय हे मला तक्रारीच्या फोनवरून कळतं. संध्याकाळी सात ते साडेनऊ फोन वाजला की आवाज काकूंचा किंवा आजोबांचा. "अहो, चित्र अडकतंय, चौकोन चौकोन येतायत, मालिका निम्मी गेली की!" दहा वाजून गेले की पोरं सुरू होतात. "दादा, पिंग दीडशे दाखवतंय, मॅच हरलो." त्यांची मॅच म्हणजे मोबाईलमधली, आणि पिंग म्हणजे नेटचं उत्तर यायला लागणारा वेळ. सकाळी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारे. दुपारी शांत, तेवढ्यात मी जेवून घेतो. घराचा वेळ असा वाटलेला असतो. हॉलमधला टीव्ही एकाचा नसतो, हातातला फोन ज्याचा त्याचा. त्यामुळं टीव्ही चालू असतो आणि समोर बसलेले तिघं फोनमध्ये असतात, हे दृश्य मी कलेक्शनला गेलो की रोज बघतो. पण म्हणून टीव्ही बंद करून बघा, तिघंही एकदम वर बघतात.

जिओ आल्यावर माझ्याकडं लोकांनी आधी परत आणून दिला तो बेडरूममधला दुसरा सेट-टॉप बॉक्स. हॉलमधला ठेवला. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचा, म्हणजे फोन-केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम आला, शंभर चॅनेलला 130 रुपये अधिक जीएसटी, वर आवडीच्या चॅनेलचे वेगळे पैसे, तेव्हा लोकांनी आम्हालाच शिव्या घातल्या. काहींनी तेव्हा खरंच लाईन काढली. पण बहुतेकांनी महिनाभर कुरकुर करून आपली चॅनेलं निवडली.

आता साडूभाऊंचं. ते पुण्यात, फ्लॅटमध्ये. केबल काढून टाकली आणि भिंतभर स्मार्ट टीव्ही घेतला. बोलणं तरी केवढं! "केबल म्हणजे लँडलाईन, राव." मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्या त्यांच्याकडं राहायला गेल्या. चार-पाच दिवसांनी मला फोन. "जावईबापू, इथं टीव्ही लावायला परवानगी लागते हो."

झालं होतं असं. टीव्ही लावला की आधी विचारतो, कोण बघतंय? चार चेहरे, त्यात सासूबाईंचा नाही. मग अॅप उघडायचं, मग मालिका शोधायची, तीही मायक्रोफोनचं बटण दाबून. त्या "लावा की ती सासू-सुनेची" म्हणाल्या, तर त्यानं तिसरंच काहीतरी लावलं. आणि एके दिवशी अॅप आपोआप लॉगआउट झालं. ओटीपी गेला साडूभाऊंच्या फोनवर, ते हिंजवडीत मीटिंगमध्ये. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली बाई संध्याकाळभर निळ्या पडद्यासमोर बसली.

मी गेलो. त्यांच्या भागातला केबलवाला माझ्या ओळखीचा, त्याच्याकडून बॉक्स बसवून घेतला. सासूबाईंच्या चॅनेलचा नंबर त्या रिमोटवर मार्करनं लिहिला आणि बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी लावली, त्या नंबरची, आवाजाची दोन आणि चालू-बंदचं एक सोडून. साडूभाऊ रात्री आल्यावर म्हणाले, "हे सगळं अॅपवर फुकट असतं." मी म्हटलं, असतं, पण तुम्ही घरात असाल तरच.

2023 च्या वर्ल्डकप फायनलला त्यांनी परत उचल खाल्ली. हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी लोक होते म्हणे, तो आकडा त्यांनी मला तीनदा पाठवला. खरा आहे आकडा. पण त्याच दिवशी आमच्या गल्लीत काय झालं सांगतो. कोहली 54 वर कमिन्सला बोल्ड झाला तेव्हा टीव्ही असलेल्या घरातून "आई गं" आलं, आणि कट्ट्यावर फोन धरून बसलेली पोरं अजून "मार की चौका" म्हणत होती. अॅपचं चित्र मागंच असतं. केबलवरही थोडं उशिरा येतं, पण इतकं नाही.

आणखी एक, जे साडूभाऊंना इंजिनिअर असून पटत नाही. आमच्या फायबरमध्ये टीव्ही आणि नेट एकाच काचेच्या तारेतून येतात, पण वेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशावर. टीव्ही 1550 नॅनोमीटरवर, नेट घराकडं येतं 1490 वर आणि घरातून परत जातं 1310 वर. म्हणून रात्री सगळी गल्ली यूट्यूबवर असली तरी टीव्हीचं चित्र गोल गोल फिरत बसत नाही. बॉक्सच नेटवर चालणारा असेल तर ही गोष्ट लागू नाही, ते तुमच्या केबलवाल्याला विचारा.

तुमच्याबद्दल विचाराल, तर एकटे असाल, पंचविशीचे असाल, तर केबल काढा, मी वाईट वाटून घेणार नाही. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर काढू नका, आणि काढायचीच असेल तर आधी त्या माणसाला विचारा. महिन्याचे पैसे जड वाटत असतील तर डीडी फ्री डिश लावा, एकदा छत्री आणि बॉक्सचा खर्च, नंतर दरमहा काही नाही. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतोय, पण असो. हेही सांगायला हवं की आता मला नेटमधूनच जास्त मिळतं, त्यामुळं टीव्हीची बाजू मी पोटासाठी घेत नाहीये. थोडीफार घेत असेन.

माझा स्वतःचा वेळ? दिवसभर खांबावर आणि गच्चीवर. रात्री जेवताना बातम्या, मग नेटवर इथं, तुमच्यासारख्यांचे प्रश्न वाचत.

साडूभाऊ हे वाचतील, कारण ते दिवसभर इथंच असतात. सासूबाई दिवाळीनंतर परत डोळा दाखवायला येणार आहेत. बॉक्सचा रिचार्ज आत्तापर्यंत मी करतोय, पुढचा तुमच्याकडं, साडूभाऊ.