घरी 10 गॅलन बिअर करायची आहे, पंप कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत घरी 5 गॅलनची बॅच करत होता, आता 10 वर जायचंय. उकळतं भांडं उचलणं जिवावर येतं. मग मार्च कंपनीचा पंप घ्यावा, ब्लिकमन कंपनीचा घ्यावा, की ऑनलाइन मिळणारा फवारणीचा स्वस्त पंप चालेल? आणि एक पुरेल की दोन लागतील?

पंप घ्यायचं ठरवलंत ते उत्तम केलंत. 10 गॅलन म्हणजे 38 लिटर. भांड्यासकट ते 40 किलोच्या वर जातं, तेही उकळतं. असलं भांडं कुणीही एकट्याने उचलू नये.

फवारणीच्या पंपाचं आधी संपवतो. तो डायफ्रॅम पंप असतो, म्हणजे रबराचा पडदा मागेपुढे हलवून पाणी ढकलणारा. स्वतःहून पाणी ओढतो म्हणून सोयीचा वाटतो, पण त्यातले रबराचे आणि प्लॅस्टिकचे भाग उकळत्या वॉर्टसाठी, म्हणजे धान्यातून काढलेल्या ज्या गोड पाण्याची पुढे बिअर होते त्यासाठी, बनवलेले नसतात. शिवाय तो धक्क्याधक्क्याने ढकलतो, त्यामुळे मॅशमधला (गरम पाण्यात भिजत ठेवलेल्या धान्यातला) थर ढवळला जातो. थंड पाणी इकडचं तिकडे करायला ठेवा, गरम कामाला लावू नका.

तुम्हाला हवा तो मॅग्नेटिक ड्राइव्हचा सेंट्रिफ्यूगल पंप. यात मोटारीचा दांडा वॉर्टपर्यंत पोचतच नाही. बाहेर एक चुंबक फिरतं आणि त्याच्या ओढीने आतला इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, फिरतो. दांड्याला सीलच नाही, त्यामुळे ते झिजून गळण्याचा प्रश्न नाही. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) गोळा अडकून इम्पेलर थांबला तरी चुंबकाची पकड सुटते आणि मोटार जळत नाही. बंद करून पुन्हा चालू केला की पकड परत बसते.

मार्चचा 809 आणि ब्लिकमनचा रिपटाइड हे दोन्ही याच जातीचे, आणि दोन्ही 250 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 121 सेल्सियसपर्यंत चालतात. 809 मी स्वतः वापरतो. त्याची कंपनी इथेच शिकागोजवळ ग्लेनव्ह्यूला आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. रिपटाइड महाग पडतो, पण त्याचं हेड (इम्पेलरवरचं पुढचं कवच) क्लॅम्प काढून हाताने उघडता येतं, प्रवाह कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह आणि हवा सोडायची सोय त्यातच असते. 809 घेतलात तर शक्यतो स्टीलचं, समोर मधोमध इनलेट असलेलं हेड घ्या. प्लॅस्टिकच्या हेडच्या आट्या नाजूक असतात. पान्याने जोर लावला की गेल्या.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचा पंप याच ठिकाणी अडतो. जाहिरातीत मिनिटाला किती गॅलन ते ठळक लिहिलेलं असतं. ते आकडे बाजूला ठेवा. असा पंप ढकलतो, ओढत नाही. गावाकडे विहिरीवरची मोटार चालू करण्याआधी तिच्यात पाणी भरावं लागतं, नाहीतर ती हवा धरते, हे तुम्ही पाहिलं असेल. इथेही तेच, फक्त इथलं पाणी उकळतं असतं आणि त्याने सगळं आणखी अवघड होतं. थंड पाणी पंपाच्या तोंडाशी यायला वातावरणाचा दाब मागून रेटा देतो. पाणी तापतं तसा त्याचा स्वतःचा बाष्पदाब वाढतो आणि हा रेटा कमी होत जातो. मॅशच्या 67 अंशांना पाव भाग गेलेला असतो, 80 ला जवळपास निम्मा, आणि 100 ला काहीच उरत नाही. मग पंपाच्या तोंडाशी जो काही दाब असतो तो फक्त वरच्या भांड्यातल्या वॉर्टच्या उंचीचा. पंप भांड्याच्या पातळीवर ठेवला, किंवा इनलेटला बारीक तोटी लावली, की वॉर्ट पंपाच्या आतच उकळू लागतं. आत खडे फिरल्यासारखा खडखड आवाज येतो आणि धार तुटते. लोक दुकानदाराला पंप खराब निघाला म्हणून कळवतात, आणि पंप चांगला असतो.

म्हणून पंप कुठे बसणार ते आधी ठरवा. भांड्याच्या तोटीपासून निदान दीड-दोन फूट खाली ठेवा. तोटीपासून पंपापर्यंतची वाट आखूड आणि रुंद हवी: अर्ध्या इंचाचा फुल पोर्ट बॉल व्हॉल्व्ह (उघडला की वाट अरुंद होत नाही असा), अर्ध्या इंच आतल्या व्यासाची जाड सिलिकॉन होज, आणि कॅमलॉक, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्या दाबून बसणारा होजचा सांधा. बारीक छिद्राचे क्विक डिस्कनेक्ट इनलेटच्या बाजूला नकोतच. पातळ होजही नको, ती तापली की मऊ पडते आणि चोखली जाऊन चपटी होते. प्रवाह कमी करायचा तर तो नेहमी आउटलेटच्या व्हॉल्व्हने. इनलेटकडची तोटी पूर्ण उघडी. सेंट्रिफ्यूगल पंपाला आउटलेट आवळलेलं चालतं, उलट मोटारीवरचा भार कमीच होतो. फक्त पूर्ण बंद करून पंप तसाच चालू ठेवू नका.

बसवताना आउटलेटचं तोंड वर करा. हेडचे स्क्रू काढून ते हवं तसं फिरवता येतं. मग चालू करण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडा आणि होजकडे बघत थांबा. सिलिकॉनमधून बुडबुडे वर सरकताना दिसतात. ते संपले आणि आउटलेटच्या होजमध्ये वॉर्ट चढलं की आउटलेट बंद करा, पंप चालू करा, आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. मध्येच खडखड आली तर पंप बंद करून हवेला वर जाऊ द्या, मग पुन्हा. कोरडा पंप क्षणभरही चालवू नका. आतल्या बेअरिंगला ओलावा लागतो.

उकळण्याची शेवटची दहा-पंधरा मिनिटं वॉर्ट पंपातून आणि ते थंड करणाऱ्या चिलरमधून फिरवतात, म्हणजे पुढे थंड वॉर्ट जाणार ती वाट निर्जंतुक होते. पंपाला सगळ्यात जड काम हेच. तेव्हा ज्योत मिनिटभर कमी करा, उसळी बसली की प्राइम करा (वर सांगितलं तशी हवा काढून पंप भरा), आणि प्रवाह लागला की ज्योत वाढवा.

मॅश फिरवताना पंपाची पूर्ण ताकद लावली तर धान्याचा थर दाबला जाऊन चोंदतो. मिनिटाला दोन-चार लिटर पुरे. वाटेत विजेचा हीटर असेल तर पंप बंद पडताच तोही बंद होईल अशी जोडणी करून घ्या, नाहीतर थांबलेलं वॉर्ट हीटरवर करपतं आणि ती चव बिअरमधून जात नाही.

वीज आणि उकळतं पाणी शेजारी असतात, म्हणून पंप जीएफसीआय प्लगवरच (विजेची गळती होताच आपोआप बंद पडणाऱ्या) लावा, आणि मोटारीवर गळती पडणार नाही असा आडोसा करा. काम झाल्यावर गरम पाणी फिरवा आणि अधूनमधून हेड उघडून इम्पेलरमागचा हॉप्सचा चिकटा काढा. गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर आमच्यासारख्या थंडीच्या भागात हेडमधलं पाणी पूर्ण काढा. ते गोठून फुगलं की हेड तडकतं.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरच्या वापरासाठी बिअर करता येते, एका प्रौढाच्या घरात वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर 200. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणंही गुन्हा आहे. इथला पंप तिकडे नेऊ नका. 115 व्होल्टची मोटार 230 वर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी 60 ऐवजी 50 हर्ट्झवर ती सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि पंपाची उचल जवळपास 30 टक्क्यांनी घटते.

एक की दोन? धान्यावर वरून सतत गरम पाणी सोडत खालून वॉर्ट काढायचं, म्हणजे फ्लाय स्पार्ज, तर दोन लागतात, दोन्ही प्रवाह एकाच वेळी चालतात म्हणून. बॅच स्पार्ज, म्हणजे पाणी एकदम घालून मग वॉर्ट काढायचं, असं करत असाल तर एक पुरतो. माझं मत, एकच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले व्हॉल्व्ह, कॅमलॉक आणि जाड होज घ्या. चिलर प्लेटचा आहे की काउंटरफ्लो (नळीत नळी असलेला) ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्लेटचा असेल तर हॉप्स पिशवीत घाला किंवा आधी गाळणी लावा, कारण त्यातल्या फटी बारीक असतात आणि चोंदल्या की पंप कितीही चांगला असला तरी धार येत नाही.