धनगरवाड्याला सेटलर कलोनिअलिझम लावताना

तुझा प्रश्न मला समजला तो असा, की राधानगरीच्या रानातल्या गवळी धनगरांच्या (ढोरं राखणाऱ्यांच्या) वाड्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, सेमिनार पेपर करायचाय, गाईड म्हणतायत सेटलर कलोनिअलिझमची, म्हणजे बाहेरून येऊन कायमचं वसणाऱ्यांनी जमीन घेण्याची, थिअरी लाव, वाचायला घेतलंस तर चार पानांतच डोकं गरगरलं, आणि वर मैत्रीण म्हणाली धनगर तर फिरस्ते, ते कुठले मूळनिवासी. मी धरणग्रस्तांच्या कामात बरीच वर्षं काढलीत आणि हे साहित्यही वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचंच बघ. सेटलरला पुस्तकात वसाहतकार म्हणतात. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात वसाहत म्हटलं की हातकणंगले-शिरोळकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहती डोळ्यापुढं येतात. म्हणजे आपल्याकडं ज्याची जमीन गेली तो वसाहतीत राहतोय आणि थिअरीत ज्यानं जमीन घेतली तो वसाहतकार, एकदम उलटं. त्यामुळं पहिल्याच पानावर तुझा अर्थ साध्या मराठीत सांगून टाक, नाहीतर ज्यांच्यावर लिहितेयस तीच माणसं वाचून भलतंच समजतील.

थिअरीचा गाभा तसा अवघड नाही. पॅट्रिक वुल्फ या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाचा २००६ चा लेख सगळेच वापरतात. त्याचं म्हणणं, काही ठिकाणी गोरे माल आणि मजूर मिळवायला गेले, आणि काही ठिकाणी जमिनीवर कायमचं राहायलाच गेले, तिथं आधीच्या माणसांची नुसती अडचण होती, मग त्यांना मारणं, हाकलणं, पोरं काढून नेऊन त्यांची भाषा विसरायला लावणं हे सगळं एकाच कामाचे भाग, आणि ते एकदा होऊन संपत नाही, कायद्यातून, सातबाऱ्यासारख्या कागदांतून चालूच राहतं. ऑस्ट्रेलियात जमीन कुणाचीच नव्हती असं कायदा धरून चालला होता, ते १९९२ ला माबो खटल्यात तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं खोडलं. कोल्हापुरात इंग्रजांनी रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानावर लक्ष ठेवणाऱ्या साहेबाची कचेरी, थाटली पण नांगर धरायला इंग्रज कुटुंबं काही उतरली नाहीत. थिअरी जशीच्या तशी इथं बसत नाही, हे गाईडना स्पष्ट सांग, घाबरू नकोस.

आता मैत्रिणीचा मुद्दा. मूळनिवासी म्हणजे सगळ्यात आधी आलेला, हे गृहीतच चुकीचं आहे. न्यूझीलंडचे माओरी तिथं पोचले साधारण तेराव्या शतकात, आपलं खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, म्हणजे देऊळ त्यांच्या येण्याच्या आधीचं, तरी माओरींना मूळनिवासी म्हणण्यावर कुणी गंभीर माणूस शंका घेत नाही. कारण इंग्रजांशी झालेल्या १८४० च्या वायतांगी करारानंतर जमिनी त्यांच्या हातून गेल्या, राज्य दुसऱ्यांचं झालं. किती जुने यापेक्षा कुणाच्या राज्यात काय गमावलं यावरनं तो शब्द ठरतो.

आणि दावे एकमेकांवर आदळतात तिथं तर फारच जपून. लायबेरियात १८२२ पासून अमेरिकेतले मुक्त झालेले काळे लोक जाऊन वसले, स्वतः गुलामगिरी भोगलेले, पण १८४७ ला देश स्वतंत्र झाल्यावर तिथल्या आधीच्या जमातींवर त्यांनीच राज्य केलं, १९८० च्या उठावापर्यंत. फिजीत १८७९ ते १९१६ मध्ये इंग्रजांनी भारतातून साठेक हजार गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, नेले, त्यांना सेटलर म्हणायचं का? काही अभ्यासक त्यांच्यासारख्यांसाठी तिसरा शब्द वापरतात, 'अरायव्हंट', मी त्याला 'आणलेले' म्हणतो. पॅलेस्टाईन-इस्रायलच्या वादात एक बाजू दोन-अडीच हजार वर्षांचं नातं सांगते, दुसरी १९४८ ला गमावलेली घरं-शेतं, आणि दोन्ही नाती खरीच आहेत, आधी कोण आलं ते मोजून तो वाद सुटणार नाही.

घरचंच बघायचं तर जोतीराव फुल्यांनी आर्यभट, म्हणजे ब्राह्मण, बाहेरून आले आणि इथल्या माणसांना दास केलं अशी मांडणी केली, बाबासाहेबांनी १९४६ ला आर्य आक्रमणाचा सिद्धांतच नाकारला, आणि तरी दोघंही एकाच, दबलेल्या माणसाच्या बाजूनं उभे होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या जुन्या गावगाड्यातही मिरासदार आणि उपरी होते, मिरासदार गाव सोडून गेला तरी परत येऊन जमिनीवर हक्क सांगायचा, उपरी वर्षानुवर्षं कसत असला तरी उपरीच. हे शब्द पेपरमध्ये वापर, उसन्या शब्दांपेक्षा जास्त काम करतील.

सरकारचं म्हणशील तर २००७ ला युनोच्या मूळनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूनं भारतानं मत दिलं, पण भूमिका अशी की सगळेच भारतीय मूळनिवासी. म्हणजे कुणीच वेगळा नाही.

तुझ्या वाड्यांवर खरा घाव कुठं बसतो ते वनहक्क कायद्यात, २००६ च्या. रानातल्या जमिनीवर हक्क मिळवायला अनुसूचित जमातीतल्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की चालतं, पण गवळी धनगर आपल्याकडं भटक्या जमातीत, म्हणजे 'इतर पारंपरिक वननिवासी', त्यांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, पंचाहत्तर वर्षं सिद्ध करायला लागतात. रान आधी संस्थानच्या शिकारीचं, मग १९५८ ला अभयारण्य, त्यात ढोरं घेऊन हिंडणाऱ्याकडं कुठला कागद असणार गं? इथं बाहेरून आलेला गोरा कुणीच नाही, वनरक्षक शेजारच्या गावचा आपलाच माणूस असतोय, तरी कागदावर वाडा अतिक्रमणच. थिअरीतली एवढी एकच गोष्ट, कायदा माणसाला त्याच्याच रानात परका कसा करतो, ती घे आणि तिथं लाव.

आणि नुसतं लायब्ररीत बसू नकोस. त्या कायद्याच्या नियमांत दावेदार सोडून दुसऱ्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, वंशावळ चालते, जुनी घरं, बांध, विहिरी, देवाची जागा, पुरलेल्यांच्या जागा चालतात. वाड्यावर जाशील तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बस, तिच्या सासूचं, सासूच्या सासूचं नाव विचार, वाडा पहिला कुठं होता ते तिच्याबरोबर चालत जाऊन बघ, आणि लिहिलेल्याची एक प्रत तिथल्या वनहक्क समितीला देऊन ये.