‘म्हणजे डोक्याला शॉकच ना?’

मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेपूर्वी चुंबकीय उद्दीपनाने हालचालीच्या भागाचा नकाशा काढायचा आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक कुटुंबे माझ्याकडे हीच शंका घेऊन येतात. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचे यजमानही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हेच विचारत होते आणि संमतिपत्राला नकार देत होते. सही खरे तर ताईंची हवी होती.

शॉक उपचारात भूल देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात. या तपासणीत मात्र रुग्ण जागा असतो आणि खुर्चीत बसून बोलतही असतो, हा फरक मी आधी सांगितला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याला टेकवून तिच्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ वीज सोडली, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कवटीखाली मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, आणि जागा नेमकी असेल तर सुमारे २० मिलिसेकंदांत हाताचा स्नायू आखडल्याची नोंद त्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर उमटते. कॉइलची प्रत्येक जागा रुग्णाच्याच एमआरआयवर ठिपक्याने दाखवली जाते, म्हणून त्या ठिपक्यांचा नकाशा तयार होतो. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी शेफील्ड येथे १९८५ मध्ये ही पद्धत दाखवली. त्यापूर्वी कवटीवरून थेट वीज देऊन हेच साधत असत, पण ते बरेच वेदनादायक होते.

धोका अजिबात नाही, असे मी म्हटले नाही. फिट येण्याची शक्यता फार कमी असली तरी असते. म्हणून फिटच्या गोळ्या चुकल्या आहेत का, डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर आहे का, हे आधी विचारतात.

तोवर गप्प असलेल्या ताई म्हणाल्या, “मॅडम, सुईत दोरा ओवता येईल ना मला?” खरी काळजी ही होती. हात वाचेलच, अशी हमी हा नकाशा देत नाही. हाताचा भाग गाठीच्या कडेला आहे की गाठीतच मिसळला आहे, एवढे तो शस्त्रक्रियेआधी दाखवतो, आणि अंतिम पडताळणी सर्जन शस्त्रक्रियेच्या वेळी थेट विद्युत उद्दीपनाने करतात, हे मी स्पष्ट सांगितले. ताईंनी सही केली.

तपासणीच्या वेळी कॉइलच्या टकटक आवाजासाठी त्यांच्या कानांत बोळे घातले होते. अंगठा उडाला तेव्हा “मी नाही हं हलवला!” म्हणत त्या हसल्या. नकाशात हाताचे ठिपके गाठीच्या मागच्या कडेला अगदी लागून होते. हातासाठी गाठीचा थोडा भाग मागे ठेवावा लागला तर पुढे काय, हे यजमानांनी सर्जनना स्वतःच विचारले.